‘होल्ड बॅक’ : कोणी, कोणाला, कशापासून?

६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुषांची तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यत झाली. या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या पार करायच्या असतात. १९९८ ते २०१८ या सहा स्पर्धांत या प्रकारातली सगळीच्या सगळी पदकं केनियाने नेली होती. त्या दिवशी मात्र बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत शर्यत पुरी करून रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण जिंकणारा केनियाचा अब्राहम किबिवोट त्याच्यापुढे होता तो सेकंदाच्या फक्त पाच शतांश भागाने. शर्यतीचा बराच काळ केनियाचे धावपटू पुढे आणि साबळे त्यांच्या मागे असं चित्र होतं. पायात होती ती ताकद त्याने सुरुवातीलाच उधळली नाही. ती शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवली आणि तिथे बाहेर काढली.

अशा धावण्याचं वर्णन करताना इंग्रजी बोलणारा माणूस ‘होल्ड बॅक’ हे क्रियापद सहज वापरेल. आष्टीतल्या एखाद्या नववीच्या मुलीने त्याचा अर्थ शोधायला इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडला, तर तिला रोखणे, आवरणे, अडवणे, लपवणे, राखून ठेवणे, मागे ठेवणे असे पाच-सहा अर्थ एका ओळीत मिळतील. एवढे वेगवेगळे अर्थ एकाच क्रियापदाचे कसे? आणि तिच्या धड्यातल्या वाक्यात त्यातला नेमका कोणता? बहुतेक मुलं इथे अडतात आणि ‘पाठ करून टाकू’ म्हणून पुढे जातात. पाठांतराने हा प्रश्न सुटत नाही. या क्रियापदाची घडण समजून घेतली तर सुटतो, आणि ती समजून घेण्याची तयारी मराठी मुलांकडे आधीपासूनच असते.

इंग्रजीची जुनी खोड

साध्या क्रियापदाला ‘बॅक’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘अप’ असा छोटासा शब्द जोडायचा आणि दोन्ही मिळून नवाच अर्थ उभा करायचा, ही इंग्रजीची जुनी रीत. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश छापला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने या जोडक्रियापदांचा मुद्दाम उल्लेख केला आणि परदेशी माणसाला सर्वात जास्त त्रास यांचाच होतो असं नोंदवलं. पुढे लोगन पिअरसॉल स्मिथ याच्या १९२५ सालच्या पुस्तकातून ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव रूढ झालं. ते आपल्याला हेन्री ब्रॅडली या कोशकाराने सुचवलं, हे श्रेयही त्याने तिथेच देऊन ठेवलं.

म्हणजे या क्रियापदांशी झगडणारी आष्टीची मुलं एकटी नाहीत. पावणेतीनशे वर्षांपूर्वी खुद्द इंग्रज कोशकाराने ही अडचण ओळखली होती. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. तरीही दहावीपर्यंत पोचलेला विद्यार्थी ‘होल्ड’ म्हणजे धरणे, ‘बॅक’ म्हणजे मागे किंवा पाठ, एवढ्यावरच थांबतो. मग ‘शी हेल्ड बॅक हर टिअर्स’ याचं भाषांतर ‘तिने आपले अश्रू मागे धरले’ असं होतं. हे मराठी कोणी बोलत नाही. आपण म्हणतो, तिने डोळ्यांतलं पाणी आवरलं.

‘मागे’ हा शब्द आपल्याला नवा नाही

आता मराठीकडे पाहू. ‘मागे’ हा एकच शब्द घ्या. मागे लागणे, मागे पडणे, मागे घेणे, मागे टाकणे, मागे सरणे, मागे राहणे. कर्ज वसूल करणारा मागे लागतो. अभ्यासात कच्चा मुलगा मागे पडतो. उमेदवार अर्ज मागे घेतो. धावणारा दुसऱ्याला मागे टाकतो. भित्रा मागे सरतो. सहा ठिकाणी ‘मागे’ तोच आहे, अर्थ मात्र सहा वेगळे. मराठी घरात वाढलेलं पाच वर्षांचं मूलसुद्धा ‘मागे लागणे’ आणि ‘मागे पडणे’ यांत गोंधळत नाही, कारण त्याने हे शब्द वाक्यात ऐकलेले असतात. कोण मागे लागलं, कोणाच्या, कशासाठी, हे त्याच्या डोळ्यांसमोर असतं.

इंग्रजी मुलाचं ‘होल्ड बॅक’ असंच तयार होतं. फरक जागेचा आहे. मराठीत ‘मागे’ क्रियापदाच्या आधी येतं, इंग्रजीत ‘बॅक’ नंतर येतं. मराठी क्रियापदाला आणखी एक सवय आहे. आपण ‘रोखून धरणे’, ‘आवरून धरणे’, ‘राखून ठेवणे’, ‘दाबून ठेवणे’ अशी दोन क्रियापदांची जोडी करतो. ‘राखून’ काय केलं ते सांगतं, ‘ठेवणे’ ते तसंच टिकवल्याचं सांगतं. इंग्रजीत हेच काम ‘होल्ड’ आणि ‘बॅक’ वाटून घेतात. म्हणून ‘होल्ड बॅक’चा मराठी अर्थ शोधताना एकटा शब्द पकडायला जाऊ नये, अशी एखादी जोडी मनात आणावी. ती बहुतेक वेळा नेमकी बसते.

गुराख्याचं क्रियापद

‘होल्ड’ या शब्दाचा उगम पाहिला की हे नातं आणखी जवळचं वाटू लागतं. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप होतं ‘हेआल्डान’. त्याच कुळातल्या गॉथिक भाषेत चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने बायबलचं भाषांतर केलं. त्यात ‘हाल्डान’ हे क्रियापद जनावरं राखण्यासाठी आलं आहे. डुकरं राखणाऱ्यांचा उल्लेख तिथे याच क्रियापदाने होतो. मुठीत धरणे हा आजचा ठळक अर्थ. त्याच्या मुळाशी कळप सांभाळणे, भरकटू न देणे हा अर्थ होता, असं भाषेचे अभ्यासक मानतात.

मराठीत यासाठी कोणता शब्द आहे? राखणे. आपण गुरं राखतो, शेत राखतो. गुरं राखणारा तो गुराखी. शेताची राखण करणारा तो राखणदार. त्याच ‘राखणे’मधून मान राखणे आलं, शब्द राखणे आलं, राखीव आलं, आणि हातचं राखून बोलणंही आलं. संस्कृतातल्या ‘रक्ष्’ धातूपासून निघालेला आपला शब्द आणि युरोपातल्या मेंढपाळ-गुराख्यांच्या तोंडचा त्यांचा शब्द वेगवेगळ्या वाटांनी चालत एकाच ठिकाणी आले. जनावर भरकटू न देणारा माणूस पुढे आपली ताकद, पैसा, शब्द आणि आसवंही राखू लागला. बालाघाटच्या डोंगरकडेला शेळ्या-मेंढ्या वळणाऱ्या मुलाला ‘होल्ड बॅक’ समजावून सांगायला फार दूर जायला नको. कळपातली एखादी शेळी दुसऱ्याच्या पिकात शिरायला निघाली की तो जे करतो, ते इंग्रजीत ‘होल्ड बॅक’च आहे.

पाणी अडवणे

आष्टीत या क्रियापदाचा सर्वात ठसठशीत अर्थ पाण्याचा आहे. बीड जिल्ह्याचा बराचसा भाग गोदावरीच्या खोऱ्यात येतो. आष्टीचं पाणी मात्र सीना नदीकडे जातं, सीनेतून भीमेत आणि भीमेतून कृष्णेत. पर्जन्यछायेच्या या तालुक्यात पाऊस कमी, आणि पडतो तोही ठरावीक दिवसांत. पडलेलं पाणी उताराने निघून जाऊ नये म्हणून मेहेकरी आणि कडा यांसारखे प्रकल्प इथे उभे राहिले. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रभर लोकांनी पाझर तलावांच्या कामावर माती वाहिली. त्याच अनुभवातून पुढे राज्याचा रोजगार हमी कायदा आला. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा तर आपल्याकडे शाळेच्या भिंतीभिंतीवर रंगवलेली असते. यातलं ‘अडवा’ म्हणजे ‘होल्ड बॅक’. ‘द डॅम होल्ड्स बॅक द वॉटर’ याचं सरळ मराठी आहे, धरण पाणी अडवतं.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा जवळून पाहिला तर हे क्रियापद डोळ्यांना दिसतं. नदीच्या पात्रात दगडी किंवा काँक्रीटचे खांब उभे असतात. खांबांना उभ्या खाचा असतात. पावसाळाभर त्या रिकाम्या ठेवतात, म्हणजे पूर आणि गाळ मोकळा वाहून जातो. पाऊस सरत आला की ऑक्टोबरच्या सुमाराला खाचांमध्ये बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवतात. जुन्या पद्धतीत बर्ग्यांच्या दोन ओळी लावून मधल्या जागेत माती ठासतात. मग नदीचं पाणी तटतं आणि दोन्ही काठांच्या विहिरींना पाझर फुटतो. पुढच्या पावसाळ्याआधी बर्गे पुन्हा काढून घेतात. बर्गे वेळेवर टाकले नाहीत तर पाणी निघून जातं, आणि वेळेवर काढले नाहीत तर पूर आल्यावर बंधाऱ्यालाच धोका होतो. म्हणजे अडवायचं कधी आणि सोडायचं कधी, या दोन्ही गोष्टी त्या एका कामात आहेत. ‘होल्ड बॅक’ या क्रियापदातही सोडण्याची शक्यता नेहमी दडलेली असते. जे धरून ठेवलं आहे ते पुढे जाऊ पाहतंय, ही कल्पना त्यात असतेच. स्थिर पडलेल्या दगडाला कोणी ‘होल्ड बॅक’ करत नाही. वाहत्या पाण्याला, पुढे सरकणाऱ्या गर्दीला, उसळलेल्या रागाला करतात.

या एका खुणेवरून अर्थ ओळखायला मोठी मदत होते. वाक्यात ‘होल्ड बॅक’ दिसलं की पहिला प्रश्न विचारावा, पुढे जाऊ पाहणारी गोष्ट कोणती? पाणी असेल तर मराठीत ‘अडवणे’ म्हणावं. गर्दी असेल तर ‘थोपवणे’ किंवा ‘रोखून धरणे’. आसवं, हसू, राग असेल तर ‘आवरणे’. माहिती असेल तर ‘दडवणे’ किंवा ‘हातचं राखून सांगणे’. पैसा असेल तर ‘राखून ठेवणे’, आणि खर्च असेल तर ‘हात आखडता घेणे’. इंग्रजीने एकाच क्रियापदावर भागवलं, मराठीने प्रत्येक गोष्टीला तिचं स्वतंत्र क्रियापद दिलं. ही मराठीची श्रीमंती आहे. मुलांनी इंग्रजी शिकताना ती विसरायची नाही, कामाला लावायची आहे.

वाक्यात शब्द कुठे बसतात

आता थोडं व्याकरण. ‘होल्ड’चं भूतकाळी रूप ‘हेल्ड’, आणि तिसरं रूपही ‘हेल्ड’च. त्यामुळे ‘होल्डेड’ हे रूप चुकीचं ठरतं. ‘होल्ड’ आणि ‘बॅक’ यांच्यामध्ये कर्म बसू शकतं. ‘द पोलीस हेल्ड बॅक द क्राउड’ चालतं आणि ‘द पोलीस हेल्ड द क्राउड बॅक’ हेही चालतं. दोन्हींचा अर्थ एकच, पोलिसांनी गर्दी थोपवली. पण कर्माच्या जागी ‘हिम’, ‘हर’, ‘इट’, ‘देम’ असं सर्वनाम असेल तर त्याची जागा मधलीच. ‘होल्ड इट बॅक’ बरोबर, ‘होल्ड बॅक इट’ चूक. उलट कर्म चार-सहा शब्दांचं लांबलचक असेल तर ते ‘बॅक’नंतर ठेवलेलं बरं वाटतं. परीक्षेत या सर्वनामाच्या जागेवर हमखास चूक होते, कारण मराठीत ‘त्याला मागे धर’ म्हणताना सर्वनाम आधी येतं, मग ‘मागे’ आणि मग क्रियापद. मराठीची सवय थोडी वळवली की झालं. क्रियापद सुरुवातीला आणायचं, सर्वनाम मध्ये, ‘बॅक’ शेवटी.

उच्चारात जोर ‘बॅक’वर येतो. हे दोन शब्द जोडून ‘होल्डबॅक’ असं नाम झालं की जोर ‘होल्ड’वर सरकतो. कंत्राटदाराच्या बिलातली काही रक्कम काम नीट पूर्ण होईपर्यंत राखून ठेवतात, तिला इंग्रजीत ‘होल्डबॅक’ म्हणतात. पूर्वी घोडागाडीच्या दांडीला एक पट्टा किंवा लोखंडी अडकण असायची. उतारावर गाडी अंगावर येऊ नये म्हणून घोडा तिच्या आधाराने गाडी रोखून धरायचा. त्या साधनाचं नावही ‘होल्डबॅक’च.

कर्म नसतानाही हे क्रियापद चालतं, आणि तेव्हा त्याचा अर्थ अधिक सूक्ष्म होतो. ‘ही हेल्ड बॅक’ म्हणजे तो कचरला, पुढे झाला नाही, किंवा बोलायचं होतं ते त्याने गिळलं. इथे धरणारा आणि धरला गेलेला एकच माणूस असतो. पुढे ‘फ्रॉम’ जोडला की कशापासून ते कळतं. ‘शी हेल्ड बॅक फ्रॉम आस्किंग’ म्हणजे तिला विचारायचं होतं, पण तिने विचारलं नाही. आणि ‘डोन्ट होल्ड बॅक’ हा आग्रह आहे. प्रसंगाप्रमाणे त्याचं मराठी मनमोकळं बोल, कसर ठेवू नकोस, किंवा हात राखू नकोस असं होतं.

कायद्यातलं ‘हेल्ड बॅक’

आतापर्यंतच्या बहुतेक उदाहरणांत धरून ठेवणारा काहीतरी वाचवत होता. याच क्रियापदाची दुसरी बाजू आपल्या शाळांच्या रोजच्या कारभारात आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सोळाव्या कलमात प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला कोणत्याही वर्गात रोखून ठेवता येणार नाही, असं म्हटलं होतं. तिथे मूळ इंग्रजीत शब्द आहेत ‘हेल्ड बॅक’. आपण बोलताना म्हणतो, नापास करणे, त्याच वर्गात बसवणे. २०१९ साली संसदेने या कलमात दुरुस्ती केली. पाचवी आणि आठवीला वर्षाअखेर परीक्षा, नापास झालेल्या मुलाला जादा शिकवणी, निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षा, आणि त्यातही नापास झाल्यास सरकारच्या परवानगीने त्याला त्याच वर्गात ठेवता येईल, अशी ती दुरुस्ती. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपले नियम त्याप्रमाणे बदलले.

कायद्यातल्या त्या वाक्यात मूल कर्ता नाही. मूल कर्म आहे. ‘द चाइल्ड वॉज हेल्ड बॅक’ या कर्मणी वाक्यात धरणारा कोण, ते लिहिलेलंही नाही. धावपटूने स्वतःला धरलं तर तो संयम ठरतो, त्याचं कौतुक होतं. दुसऱ्याने मुलाला धरलं तर ती अडवणूक होऊ शकते. इंग्रजी क्रियापद दोन्हीकडे एकच. म्हणून दुसरा प्रश्न विचारायला हवा, धरणारा कोण आणि धरलेला कोण?

आष्टी तालुक्यात हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायकोच्या जोडीचा एक कोयता धरतात. घरात सांभाळणारं कोणी नसलं की मुलंही गाडीत चढतात. शाळेचं वर्ष ऐन भरात असतं तेव्हा ती उसाच्या फडात असतात आणि परत येईपर्यंत वर्ष संपत आलेलं असतं. अशा मुलांना गावातच राहून शिकता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं सुरू झाली, तर कारखान्यांच्या आसपास साखरशाळाही काढल्या गेल्या. या मुलांबद्दल इंग्रजीत ‘हेल्ड बॅक बाय पॉव्हर्टी’ असं लिहिता येईल. इथे ‘बाय’नंतर जो शब्द येतो तो धरणाऱ्याचं नाव सांगतो. गरिबी, स्थलांतर, पाण्याची टंचाई. मुलाच्या हुशारीकडे त्यात बोट नाही. कर्मणी वाक्यातला तो ‘बाय’ शोधायला शिकवलं तर मुलं भाषा शिकतातच, शिवाय आपल्या परिस्थितीकडे नीट बघायलाही शिकतात.

रेल्वेचं उदाहरणही असंच. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग मंजूर झाला नव्वदच्या दशकात. त्यातल्या अहिल्यानगर-आष्टी टप्प्यावर पहिली प्रवासी गाडी धावली २३ सप्टेंबर २०२२ रोजी. बीडपर्यंत गाडी पोचायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. मधल्या काळात शिक्षण, बाजार आणि रोजगार यांसाठी या भागातल्या माणसांची सारी भिस्त रस्त्यावर राहिली. दळणवळणाअभावी एखादा प्रदेश मागे राहिला असं आपण म्हणतो. इंग्रजी वाक्य म्हणेल, त्याला कशाने तरी ‘हेल्ड बॅक’ केलं. मराठीतलं ‘मागे राहिला’ ऐकलं की जणू दोष त्या प्रदेशाचाच वाटतो. इंग्रजीचं कर्मणी रूप ‘कशाने?’ हा प्रश्न उघडा ठेवतं. इथे इंग्रजीकडून शिकण्यासारखं आहे.

स्वतःला धरण्याची कला

आता पुन्हा धावण्याकडे वळू, कारण स्वतःला धरणं म्हणजे काय हे तिथे मोजून दाखवता येतं. लांब शर्यतीत सुरुवातीलाच झेपेल त्याहून जास्त वेग घेतला तर स्नायूंना लागणारी ऊर्जा प्राणवायूच्या मदतीने पुरेशी तयार होत नाही. शरीर दुसऱ्या मार्गाने ऊर्जा उभी करतं, त्याचे अवशेष स्नायूंत साठतात, पाय जड होतात आणि शेवटी वेग पडतो. म्हणून चांगले धावपटू वेग वाटून घेतात. पण स्वतःला किती धरायचं, याचंही गणित असतं. २०२२च्या जुलैमध्ये अमेरिकेत ऑरेगनला झालेल्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत सगळेच एकमेकांवर नजर ठेवून संथ धावले. मोरोक्कोच्या सुफियान एल बक्कालीने ८ मिनिटं २५.१३ सेकंदांत ती जिंकली. साबळे ८ मिनिटं ३१.७५ सेकंदांत अकरावा आला. त्याच वर्षी त्याने स्वतः ८ मिनिटं १२.४८ सेकंदांची वेळ दिली होती. म्हणजे पायात वेग होता, शर्यतीने तो बाहेर येऊ दिला नाही. तीन आठवड्यांच्या आत तो बर्मिंगहॅमला उतरला आणि पदक घेऊन आला.

पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने वेगळी रीत धरली. तिथे तो कोणाच्या मागे थांबला नाही. सुरुवातीपासून पुढे राहून त्याने ८ मिनिटं १९.५० सेकंदांत सुवर्णपदक घेतलं. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ०९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि त्याच वर्षी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचला. या प्रकारात तिथवर गेलेला तो पहिला भारतीय पुरुष. लहानपणी रोज सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जाणारा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटमधून सियाचीनला राहिला, राजस्थानात आणि सिक्कीममध्येही राहिला, आणि मग धावपट्टीवर आला. मांडव्याच्या परिस्थितीत त्याला ‘होल्ड बॅक’ करणारं पुष्कळ होतं. शर्यतीत कधी स्वतःला धरायचं आणि कधी सोडायचं हा निर्णय मात्र त्याने स्वतःच्या हातात ठेवला. एकाच क्रियापदाचे दोन्ही अर्थ एकाच माणसाच्या आयुष्यात इतके स्पष्ट क्वचित दिसतात.

भाऊबंद

‘होल्ड’ची भावंडंही ओळखून ठेवावीत, नाहीतर गल्लत होते. ‘होल्ड ऑफ’ म्हणजे लांबवणे, लांबणे. ‘द रेन हेल्ड ऑफ’ हे वाक्य इंग्लंडमधल्या क्रिकेट सामन्याच्या बातमीत आनंदाचं असतं. आष्टीत त्याचा अर्थ होतो, पावसाने ओढ दिली, आणि त्यात काळजी असते. ‘होल्ड आउट’ म्हणजे तग धरणे, पुरणे. विहिरीचं पाणी मेपर्यंत पुरेल का, हा प्रश्न त्या क्रियापदाने विचारतात. ‘होल्ड अप’ म्हणजे खोळंबा करणे. ‘होल्ड ऑन’ म्हणजे जरा थांबा, किंवा घट्ट धरून राहा. ‘होल्ड डाउन’ नोकरीबद्दल वापरलं की टिकवणे.

संयमाचे जवळचे शब्दही आहेत. ‘रेन इन’ म्हणजे लगाम खेचणे. यातला लगामवाचक ‘रेन’ लॅटिन ‘रेटिनेरे’पासून आला. त्या शब्दाचा अर्थ मागे धरणे, म्हणजे पुन्हा ‘होल्ड बॅक’च. ‘रिफ्रेन’ही लॅटिनमधल्या लगामातूनच निघाला. त्याला कर्म लागत नाही, ‘फ्रॉम’ लागतो. ‘विथहोल्ड’मधला ‘विथ’ आजच्या ‘सह’ अर्थाचा नाही. जुन्या इंग्रजीत त्याला ‘मागे, दूर’ असा अर्थ होता. देणं असलेली गोष्ट रोखून ठेवणे, म्हणजे पगार, परवानगी, निकाल, यासाठी तो शब्द येतो. कागदोपत्री भाषेत ‘विथहोल्ड’, बोलण्यात ‘होल्ड बॅक’, अशी त्यांची साधारण वाटणी आहे.

शिक्षकांना आणि पालकांना माझी एक कळकळीची विनंती आहे. ‘होल्ड बॅक म्हणजे रोखणे’ अशी एक ओळ फळ्यावर लिहून मुलांना ती उतरवून घ्यायला लावू नका. तीन प्रश्न द्या. पुढे जाऊ पाहणारी गोष्ट कोणती? तिला धरतंय कोण? कशापासून आणि कशासाठी? मग मेहेकरीचं पाणी, बर्मिंगहॅमची शर्यत, पाचवीची फेरपरीक्षा आणि उसाच्या फडावर गेलेला वर्गमित्र अशी वाक्यं मुलांकडूनच करवून घ्या. आधी मराठीत, मग इंग्रजीत. मराठीत नेमकं क्रियापद सापडलं की इंग्रजी वाक्याचा अर्थ आपोआप लागतो. आपल्या मुलांचं इंग्रजी कच्चं राहतं त्याचं एक मोठं कारण हे, की त्यांना येणारं मराठी आपण वर्गाच्या बाहेर ठेवतो. ते आत घेतलं तर गावातलं मूल इंग्रजीला बिचकणार नाही, आणि आपल्याला कोण कशापासून रोखतंय हे दोन्ही भाषांत ठामपणे सांगू शकेल.